सगळे गुन्हेगार एकाच मनाचे नसतात

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. तिथे खुनाच्या गुन्ह्यातले कैदीही भिंतींविना राहत, शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

असा विश्वास कोणावर टाकावा? इथे सायकोपथीचे, म्हणजे निर्दयी, बेपर्वा वागण्याकडे झुकणाऱ्या व्यक्तिमत्त्वदोषाचे, प्रकार समजून घेणे उपयोगी पडते. मानसोपचारतज्ज्ञ बेन कार्पमन यांनी 1941 मध्ये दोन प्रकार मांडले. प्राथमिक प्रकारात माणूस मुळातच थंड असतो. त्याला भीती, अपराधभाव फारसा जाणवत नाही. तो गोड बोलून इतरांना वापरतो. दुय्यम प्रकारात चिंता, संताप आणि उतावीळपणा जास्त दिसतो. त्यामागे अनेकदा बालपणीची मारहाण किंवा हेळसांड असते. त्याला उपचारांचा उपयोग होण्याची आशा अधिक मानली जाते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपथी मोजणाऱ्या चाचणीत 20 लक्षणांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. 40 पैकी 30 किंवा अधिक गुण ही संशोधनातली रूढ सीमारेषा आहे. मुलाखतीला जुन्या नोंदींची जोड द्यावी लागते आणि हे काम प्रशिक्षित तज्ज्ञांचेच.

सायकोपथी म्हणजे वेड नव्हे. मुंबईत अनेक खून करणाऱ्या रामन राघवला मात्र स्किझोफ्रेनिया हा मनोविकार होता. त्यामुळेच उच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. बहुतेक कैदी तर यांपैकी कशातच बसत नाहीत. म्हणून शिक्का मारण्याआधी माणूस नीट तपासला पाहिजे. सुधारणेची संधी त्यावरच ठरते.