घड्याळी वेळांची वजाबाकी : संगणक आज्ञावलीतील एक उपेक्षित प्रश्न

दोन घड्याळी वेळांमधील अंतर काढणे ही आज्ञावली-लेखनातील अगदी प्राथमिक बाब समजली जाते. प्रात्यक्षिकाच्या एका तासिकेत ती उरकलीही जाते. तथापि रात्रपाळीच्या कामगाराचे वेतन याच वजाबाकीवर अवलंबून असते, हे विचारात घेता तिची तर्कसंगती तपासणे अगत्याचे ठरते.

पहिली अडचण अंकलेखनाची होय. ९.४५ व १०.१५ या वेळा दशांश अपूर्णांक म्हणून नोंदविल्यास वजाबाकी ०.७० येते, प्रत्यक्ष अंतर ३० मिनिटांचे असते. म्हणून प्रत्येक वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत रूपांतरित करावी. त्यानुसार ६१५ मधून ५८५ वजा जाता ३० उरतात.

खरी कसोटी मध्यरात्र ओलांडताना लागते. रात्री २२:४० ला रुजू झालेला पहारेकरी सकाळी ०६:१० ला सुटला, तर ३७० − १३६० = −९९० असे उत्तर येते. त्यात दिवसाची १४४० मिनिटे मिळविली की ४५०, म्हणजे साडेसात तास मिळतात. काहीजण ही बेरीज टाळून थेट १४४० ने भागतात व बाकी घेतात. पायथॉनमध्ये ती बाकी ४५० येते. सी भाषेत मात्र −९९० च राहते, कारण ऋण संख्येच्या बाकीचे चिन्ह या दोन भाषांत निराळ्या नियमाने ठरते. आधी १४४० मिळवून मग बाकी घेणे दोहोंकडे निर्धोक.

पाठ्यपुस्तकी उत्तर येथे संपते. प्रश्न संपत नाही. बदली कामगार न आल्याने सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत थांबलेल्या पहारेकऱ्याचे काम हेच सूत्र शून्य मिनिटे ठरविते. दोष सूत्राचा नव्हे, नोंदीचा आहे. घड्याळातील वेळ ही मुळातच एक बाकी होय. किती दिवस लोटले हे तीत गाळलेले असते आणि गाळलेली माहिती कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही. हजेरीच्या नोंदीत म्हणूनच वेळेसोबत दिनांक अनिवार्य हवा.

दिनांकही सर्वत्र पुरेसा नसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. त्या बदलाच्या अलीकडची व पलीकडची वेळ परस्परांतून वजा केल्यास तासाची चूक होते. अमेरिकेच्या बहुतांश भागात असा बदल आजही वर्षातून दोनदा होतो. तेथील नोंदी आधी जागतिक समन्वित वेळेत आणून मगच वजा कराव्या लागतात.