शेल स्क्रिप्टमधील स्ट्रिंगचे अ‍ॅरेमध्ये विभाजन : पोलादपूर-महाड परिसरातील ग्रामनामांच्या संदर्भात

गावांच्या याद्या संगणकावर पुष्कळदा साध्या मजकूर-फाइलच्या स्वरूपात ठेवल्या जातात. प्रत्येक ओळीत जिल्हा, तालुका, गाव व शेरा ही क्षेत्रे स्वल्पविरामाने विलग केलेली असतात. अशी ओळ तोडून तिचे घटक अ‍ॅरेमध्ये साठविणे हे शेल स्क्रिप्टमधील नित्याचे काम होय. परंतु ते दिसते तितके निरुपद्रवी नाही.

१९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत आलेल्या बोर्न शेलमध्ये अ‍ॅरे नव्हता. बॅश शेलमध्ये तो १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून उपलब्ध झाला. ओळ कोठे तोडावयाची हे 'आयएफएस' हा चल ठरवितो व त्याचे मूळ मूल्य रिकामी जागा, टॅब आणि नवी ओळ असे असते. पोलादपूर तालुक्यातील एक नोंद पाहावी : 'रायगड,पोलादपूर,तुर्भे बुद्रुक,'. हे मूल्य असलेला चल अवतरणचिन्हांविना कंसात ठेवून अ‍ॅरे केल्यास दोनच घटक मिळतात. पहिला 'तुर्भे'पाशी संपतो आणि दुसरा 'बुद्रुक'पासून सुरू होतो. तुर्भे बुद्रुक व तुर्भे खुर्द ही दोन भिन्न गावे आहेत. जुलै २०२१ मध्ये महाड पुराखाली गेले आणि तळिये येथे दरड कोसळली. अशा प्रसंगी मदतीची यादी याच रीतीने तोडली गेली, तर कोणते गाव हा भेदच पुसला जाईल.

शिवाय अवतरणचिन्हांविना केलेल्या विस्तारात तारांकनाचाही अर्थ लावला जातो. विभाजनानंतर एखादा घटक केवळ तारांकन उरला, तर तेथे चालू डिरेक्टरीतील फाइलींची नावे येऊन बसतात! म्हणून आयएफएसला केवळ त्या आज्ञेपुरते स्वल्पविराम हे मूल्य देऊन 'रीड' ही आज्ञा 'आर' व 'ए' या पर्यायांसह वापरणे अधिक सुरक्षित ठरते. 'आर'मुळे उलटी तिरकी रेघ जशीच्या तशी राहते, तर 'ए'मुळे घटक अ‍ॅरेत जातात.

तरीही वरील नोंदीतून चारऐवजी तीनच घटक हाती येतात, कारण शेवटचे रिक्त क्षेत्र गळते. ओळीच्या अखेरीस आणखी एक स्वल्पविराम जोडल्यास ते टिकते. मधली रिक्त क्षेत्रे स्वल्पविरामाने सुरक्षित राहतात; टॅबने मात्र नाही. टॅबची गणना रिक्त अवकाशात होत असल्याने लागोपाठचे दोन टॅब एकच मानले जातात आणि पुढील सर्व क्षेत्रे एक घर अलीकडे सरकतात. टॅबविभाजित फाइल पाहणाऱ्यास हा दोष सहसा लक्षात येत नाही.

मराठी मजकुरात दंड हे चिन्ह विभाजक म्हणून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. यूटीएफ-८ मध्ये दंड तीन बाइटांचा असतो व त्याचा पहिला बाइट सर्व देवनागरी अक्षरांना समान असतो. लोकॅल 'सी' असल्यास बॅश प्रत्येक बाइट स्वतंत्र विभाजक मानतो. परिणामी 'महाड' हा शब्दही अखंड राहत नाही.