दीर्घिका कोणी विझवली?

जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ साली एक बातमी जगभर झळकली: कृष्णविवराने आपल्याच दीर्घिकेचा बळी घेतला. दीर्घिकेचं नाव जीएस-१०५७८. विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या दोन अब्ज वर्षांत ती आपल्या आकाशगंगेच्या तोडीची झाली होती, पण तिथे नवे तारे जन्मणं जवळपास थांबलं होतं. ज्यातून तारे घडतात तो थंड वायू सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जात होता. निरीक्षण अस्सल आहे आणि थक्क करणारंही. निकाल मात्र इतक्या घाईने देऊ नये.

आधी आकार पाहा. दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. दीर्घिका महाराष्ट्राएवढी मानली, तर ते खसखशीच्या दाण्याएवढंही भरणार नाही. त्याच्या गुरुत्वाकर्षणाची हुकमत तीस-चाळीस प्रकाशवर्षांत संपते आणि दीर्घिका पसरलेली असते लाखभर प्रकाशवर्षं. ओढून घेण्याच्या बळावर ते दीर्घिकेचं काहीच बिघडवू शकत नाही. ऊर्जेचं गणित मात्र निराळं आहे. कृष्णविवरात पडणाऱ्या पदार्थाच्या वस्तुमानापैकी साधारण दहा टक्के भाग पडता पडता ऊर्जा होऊन बाहेर येतो. सूर्याच्या पोटातल्या हायड्रोजनला एक टक्काही साधत नाही. दहा कोटी सूर्यांएवढं होईपर्यंत कृष्णविवराने जी ऊर्जा उधळलेली असते, ती दीर्घिकेचा मधला फुगवटा उधळून लावायला लागणाऱ्या ऊर्जेच्या अनेक पट भरते. त्यातली वायूला प्रत्यक्ष किती मिळते आणि किती नुसती प्रकाश होऊन निघून जाते, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

या विषयात एका माणसाचं नाव रोज घेतलं जातं, पण त्याच्याबद्दल फार थोडं सांगितलं जातं. कार्ल सेफर्ट. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत केलेल्या कामातून, ऐन महायुद्धात, १९४३ साली त्याने सहा सर्पिल दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट प्रसिद्ध केले. वर्णरेषा विलक्षण रुंद होत्या, म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. त्यांतली एक, तिमिंगल तारकासमूहातली एम-७७, एडवर्ड फाथने १९०८ सालीच विचित्र म्हणून नोंदवली होती. पण हा एकट्या दीर्घिकेचा विक्षिप्तपणा नसून एक जातच आहे, आजच्या ‘सेफर्ट दीर्घिका’, हे सेफर्टने ओळखलं. पुढे कितीतरी वर्षं त्या निबंधाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९६० साली मोटार अपघातात सेफर्ट गेला, वय अवघं ४९. तीनच वर्षांनी मार्टन श्मिटने कन्या राशीतल्या ३सी २७३ चं अंतर उलगडलं आणि क्वासार, म्हणजे कृष्णविवरांमुळे झळाळणारी दूरची अतितेजस्वी केंद्रकं, जगप्रसिद्ध झाले. सेफर्टच्या सहा दीर्घिकांत केंद्रक आणि भोवतीची दीर्घिका दोन्ही एकत्र दिसत होती. क्वासारच्या झगमगाटात दीर्घिका लपून गेली, आणि दोहोंचं नातं पुन्हा जुळवायला तीन दशकं लागली. १९९५ च्या सुमारास तर हबल दुर्बिणीला दीर्घिकेविना ‘उघडे’ क्वासार सापडल्याचा गाजावाजा झाला. अधिक बारकाईने पाहिल्यावर त्यांच्याभोवतीही दीर्घिका निघाल्याच!

२००० साली दोन गटांनी दाखवलं, की फुगवट्यातले तारे जितक्या वेगाने फिरतात तितकं मधलं कृष्णविवर जड. तेव्हापासून कृष्णविवरच दीर्घिकेला लगाम घालतं, ही कल्पना रुजली. पण २००७ साली चिएन पेंगने साधी शंका काढली: दीर्घिका वारंवार एकमेकींत विलीन होत राहिल्या, तर सरासरीच्या नियमानेच असं प्रमाण आपोआप जमून येईल. ही शंका पूर्ण उत्तर देत नाही, पण ती विसरून बातम्या लिहिणं मला पटत नाही.

माझ्या मते सगळ्यांत बोलका साक्षीदार एका शिक्षिकेने शोधला. नेदरलँड्सच्या हॅनी व्हान आर्केल २००७ साली ‘गॅलक्सी झू’ या लोकसहभागाच्या प्रकल्पात दीर्घिकांची छायाचित्रं वर्गवार लावत होत्या. आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी त्यांना वायूचा एक चमकता ढग दिसला आणि हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. तिथला ऑक्सिजन एखाद्या क्वासारच्या झोताने उजळावा तसा उजळला होता. शेजारच्या केंद्रकाचं तेज मात्र त्याला पुरेल इतकं नव्हतंच. सुमारे लाखभर वर्षांत ते कित्येक पटींनी मंदावलं होतं; ढगावर अजून जुनाच प्रकाश पोचत होता. केंद्रक दीर्घिकेच्या मानाने क्षणभर पेटतं आणि मावळतं. ताऱ्यांची निर्मिती थंडावायला लागतात कोट्यवधी वर्षं. म्हणून आज केंद्रक पेटलेलं दिसतं यावरून त्याला दोषी ठरवता येत नाही आणि शांत दिसतं म्हणून सोडूनही देता येत नाही. जीएस-१०५७८ मधला वायू बाहेर जाताना पकडला गेला, म्हणून ते प्रकरण इतरांपेक्षा भक्कम आहे. तरीही ती एकच दीर्घिका आहे.

मंदावलेल्या केंद्रकांच्या जुन्या खुणा कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत दीर्घकाळ टिकतात, आणि त्या टिपणारी जगातली एक अव्वल दुर्बीण आपल्या नारायणगावजवळ खोडदला आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी. तिच्या सर्वेक्षणातली छायाचित्रं तपासण्याच्या ‘रॅड ॲट होम’ या भारतीय उपक्रमात विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची दारं सर्वांसाठी उघडतात. घरातल्या मुलांना घेऊन जरूर जा.