रस्ता ओळखा, मगच टायर निवडा

छोट्या एसयूव्हीला ‘ऑल-टेरेन’ टायर बसवावेत, असे अनेकांना वाटते. पण हे टायर नेमके कोणासाठी? त्यांनी काय मिळते आणि काय गमवावे लागते? दुकानात जाण्यापूर्वी माहीत असाव्यात अशा काही गोष्टी.

ऑगस्ट महिन्यातील एक रात्र. बेळगावात राहणारे एक जोडपे खानापूर तालुक्यातील आपल्या गावाकडे निघाले होते. गावी सासू-सासरे दोघेच. सासऱ्यांना दुपारपासून ताप भरला होता आणि संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, “येऊन घेऊन जा रे.” डांबरी रस्ता कसाबसा पार पडला. शेवटचे चार किलोमीटर मात्र तांबड्या मातीचे. पहिल्याच चढावर गाडी थांबली. पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. जितके अॅक्सिलरेटर दाबावे, तितकी ती आणखी खोल रुतत होती. शेवटी पतीने पावसात चालत वाडी गाठली, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला आणि सासऱ्यांना दवाखान्यात पोहोचवेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली.

ताप साधाच निघाला, पण सगळ्यांनी धसका घेतला तो घेतलाच. पुढच्याच रविवारी हे कुटुंब टायरच्या दुकानात हजर झाले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आधीच निवड करून ठेवली होती. मोठाल्या ठोकळ्यांचे, दणकट दिसणारे टायर! दुकानदारही म्हणाला, “साहेब, एक नंबर मोठा टायर घाला. गाडी इंचभर उंच होईल आणि रुबाबदार दिसेल.”

तेव्हा पत्नीने विचारले, “पण मेस्त्री, आम्ही गावी जातो महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस गाडी शहरातच. त्या दिवसांत हे टायर कसे चालतील?”

खरे तर हाच प्रश्न प्रत्येकाने सर्वांत आधी विचारायला हवा.

टायरच्या तीन जाती

एसयूव्हीचे टायर साधारणपणे तीन प्रकारांत मोडतात. पहिला ‘हायवे टेरेन’, म्हणजे एच/टी. याची नक्षी बारीक असते आणि खाचा अरुंद असतात. डांबरावर रबराचा जास्तीत जास्त भाग टेकतो. त्यामुळे गाडी शांत चालते, ब्रेक चांगले लागतात आणि इंधनही कमी लागते. बहुतेक छोट्या एसयूव्ही कारखान्यातून याच जातीचे किंवा साध्या मोटारीसारखे टायर घेऊन बाहेर पडतात.

याच्या अगदी उलट टोकाला ‘मड टेरेन’, म्हणजे एम/टी. मोठे, सुटे सुटे ठोकळे आणि त्यांच्यामधून बोट सहज जाईल अशा रुंद खाचा. चिखलात हा टायर खरोखर उपयोगी पडतो. पण डांबरावर तो भुंग्यासारखा घोंगावतो, लवकर झिजतो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पडतो.

‘ऑल-टेरेन’, म्हणजे ए/टी, हा या दोघांच्या मधला. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने १९७६ मध्ये ‘रेडियल ऑल-टेरेन’ या नावाने असा टायर बाजारात आणला आणि पुढे ही कल्पना जगभर रुजली. आज भारतात अपोलो, सिएट, जे. के., योकोहामा अशा अनेक कंपन्यांचे ए/टी टायर मिळतात.

चिखलात नेमके काय होते?

त्या रात्री गाडी का अडकली, हे समजून घेतले की टायरची निवड सोपी होते. बारीक नक्षीच्या टायरच्या खाचांत ओली, चिकट माती भरली की ती बाहेर पडत नाही. पाहता पाहता टायर गुळगुळीत रोलरसारखा होतो आणि पकड संपते. ए/टी टायरच्या खाचा रुंद असतात. चाक फिरताना त्यांतील चिखल फेकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हा जमिनीत रुततात. काही टायरांच्या खाचांत लहान उंचवटे असतात. त्यांच्यामुळे खडी अडकून बसत नाही. टायरच्या खांद्यांवर, म्हणजे बाजूच्या वळणावर, जास्तीचे ठोकळे असतात आणि अनेक प्रकारांत बाजूची भिंतही अधिक मजबूत असते. धारदार दगडांच्या वाटेवर याचा मोठा फायदा होतो. कारण टायरच्या तळाचे पंक्चर काढता येते, पण बाजू फाटली तर टायर टाकूनच द्यावा लागतो.

मात्र टायर बदलल्याने गाडी ‘फोर व्हील ड्राइव्ह’ होत नाही, हे विसरू नये. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या एसयूव्हींना इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि फिरू लागतात. चांगल्या टायरने ही अडचण कमी होते, पण पूर्ण जात नाही.

मोबदल्यात काय द्यावे लागते?

ए/टी टायर फुकट काही देत नाही. तो साध्या टायरपेक्षा सहसा जड आणि महाग असतो. जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त शक्ती लागते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. वेग वाढला की आवाजही वाढतो. स्टिअरिंग किंचित सुस्त वाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नक्षी जितकी उघडी, तितके डांबराला टेकणारे रबर कमी. म्हणून पावसात घाट उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला थोडे अधिक अंतर लागू शकते. अशा वेळी मुले मागे बसलेली असतात, हे लक्षात घेऊन निवड करावी.

म्हणून ए/टी टायरमध्येही सौम्य आणि आक्रमक असा भेद पाहावा. ठोकळे जवळ जवळ असलेला आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असलेला टायर कुटुंबाच्या गाडीला अधिक योग्य. या चिरांच्या कडा ओल्या डांबरावर पकड देतात.

आता बेळगावच्या कुटुंबाचा हिशेब पाहू. गाडी वर्षाला सुमारे १०,००० किलोमीटर चालते. गावाकडच्या बारा फेऱ्या, दर फेरीला येऊन-जाऊन आठ किलोमीटर मातीचा रस्ता, म्हणजे ९६ किलोमीटर. शंभरातला जेमतेम एक किलोमीटर! निव्वळ आकड्यांनी पाहिले तर साधे टायरच बरे. पण त्या एका किलोमीटरच्या टोकाला दोन वृद्ध माणसे राहतात. ९९ किलोमीटर सुरक्षित जायचे आणि शंभरावा किलोमीटर अडायचे नाही, या दोन्ही गरजा सौम्य ए/टी टायर भागवू शकतो. मुलाने निवडलेला चिखलाचा टायर मात्र एका किलोमीटरसाठी ९९ किलोमीटरांना शिक्षा करणारा ठरला असता.

ज्यांची गाडी वर्षभर शहर आणि महामार्ग सोडत नाही, त्यांनी केवळ रुबाबासाठी हा खर्च करू नये. ज्यांचे शेत, बांधकामाचे ठिकाण किंवा नोकरी कच्च्या रस्त्यापलीकडे आहे, किंवा जे दरवर्षी स्पिती-लडाखच्या खडकाळ वाटा तुडवतात, त्यांच्यासाठी तो योग्य.

टायरवरची अक्षरे वाचा

टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच. या कुटुंबाच्या गाडीचा टायर होता २१५/६५ आर १६ ९८ एच. याचा अर्थ असा : रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल आणि रिम १६ इंचांची. ९८ हा भाराचा निर्देशांक. म्हणजे एक टायर ७५० किलो भार पेलू शकतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा. ए/टी टायरवर पुष्कळदा ‘एस’ (१८०) किंवा ‘टी’ (१९०) अक्षर दिसते. आपल्या रस्त्यांवर इतका वेग घ्यायचा नसला, तरी वाहन कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या निर्देशांकांहून कमी दर्जाचा टायर घेऊ नये. भाराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आकड्यांच्या आधी ‘एलटी’ ही अक्षरे असतील तर तो हलक्या ट्रकच्या वर्गातला टायर. तो अधिक जड आणि कडक असतो. छोट्या गाडीत त्याने फक्त धक्के वाढतात.

शेवटी चार आकडी संख्या पाहावी. ‘२३२५’ असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीला घेऊ नये. रबर न वापरताही कडक होत जाते. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे.

ज्यांना बर्फाळ भागात जायचे आहे, त्यांनी डोंगराची तीन शिखरे आणि त्यात हिमकण असे चिन्ह शोधावे. नुसते ‘एम प्लस एस’ लिहिलेले असणे म्हणजे बर्फातील चाचणीचे प्रमाणपत्र नव्हे. आणि कडक, गोठलेल्या रस्त्यावर साखळ्यांना पर्याय नाही.

मोठ्या टायरचा मोह

दुकानदाराने सुचवलेला टायर होता २३५/७० आर १६. मूळ चाकाचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर, नव्याचा सुमारे ७३५. फरक सात टक्क्यांहून जास्त. गाडी सुमारे २५ मिलिमीटर उंच झाली असती हे खरे. पण काट्याने ताशी ८० दाखवले तेव्हा तिचा वेग मूळ टायरच्या मानाने सात टक्क्यांनी अधिक असता. पहिल्या गिअरची ओढ कमी होते, क्लचवर ताण येतो, पूर्ण वळणावर टायर आतल्या आवरणाला घासू शकतो आणि स्टेपनी वेगळ्याच मापाची उरते.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहन कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा कशाला ठेवावी? मूळ मापातच ए/टी टायर मिळत असेल तर तोच घ्यावा. नसेल, तर वाहन कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले दुसरे माप पुस्तिकेत आहे का, ते पाहावे.

हवा हाच अर्धा टायर

चांगला टायर घेऊनही हवेकडे दुर्लक्ष केले तर पैसे वाया जातात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची चिठ्ठी असते. तो दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी फिरवण्यापूर्वी, मोजायचा असतो. पूर्ण कुटुंब आणि सामान असेल तेव्हाचा दाब वेगळा दिलेला असतो, तोही पाहावा.

चिखलात किंवा वाळूत दाब कमी केला की टायर पसरतो आणि जमिनीला अधिक टेकतो. जैसलमेरच्या वाळूत तर नक्षीपेक्षा या युक्तीचाच जास्त उपयोग होतो. आक्रमक ठोकळे वाळूत उलट खड्डा खणतात. मात्र डांबरावर येताच पुन्हा हवा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. म्हणून गाडीत हवेचा छोटा पंप आणि दाबमापक नसेल तर दाब कमी करण्याच्या फंदात पडू नये.

बसवताना आणि नंतर

चारही टायर एकाच जातीचे असावेत. पुढे ए/टी आणि मागे गुळगुळीत जुने, अशी काटकसर ओल्या वळणावर महागात पडते, कारण मागचा भाग घसरला की गाडी सावरणे कठीण होते. स्टेपनीही तपासावी. काही नव्या गाड्यांना ती बारीक मापाची असते, तर काहींना नसतेच. २०२० मधील नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असल्यास स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. कच्च्या रस्त्यावर नियमित जाणाऱ्यांनी पूर्ण मापाच्या स्टेपनीची सोय करावी.

नवे टायर बसवले की बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. पहिले काही शे किलोमीटर जपून चालवावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी, नाहीतर ठोकळे तिरपे झिजतात आणि आवाज वाढतो. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर संपला. ए/टी टायरची चिखलातली ताकद तर त्याच्या बऱ्याच आधी संपते.

आणि बेळगावचे कुटुंब?

त्यांनी मूळ मापाचेच, सौम्य नक्षीचे ए/टी टायर घेतले. मुलगा थोडा हिरमुसला, पण हवेचा पंप, ओढायचा दोर, लहान खोरे आणि चाकाखाली घालायला दोन जुनी पोती त्यानेच डिकीत नीट लावून ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात तोच चढ गाडीने सावकाश, पहिल्या गिअरमध्ये पार केला. पण पलीकडच्या साकवावरून पाणी वाहत होते. मुलगा म्हणाला, “बाबा, आता टायर चांगले आहेत, घाला की गाडी!” आईने दाराच्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, “टायर चांगले आहेत म्हणून पाणी उथळ होत नाही.”

गाडी तासभर तिथेच उभी राहिली. पाणी ओसरले, तेव्हा ते पलीकडे गेले. ओसरीवर आजोबा वाट पाहत बसले होते.