‘बेने इस्राएल’ : एका कुळनामाचा अर्थ आणि प्रवास

कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके नांदलेला मराठी भाषक यहुदी समाज स्वतःस ‘बेने इस्राएल’ म्हणवितो. पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली असल्यामुळे आपल्या कानांस मुळीच परकी वाटत नाहीत. समाजाचे नाव मात्र गावाचे नाही, ते पूर्वजाचे आहे. राजारामपुरीतील आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. त्यांच्या वस्तीलाही छत्रपती राजाराम महाराजांचे नाव लाभले आहे. इब्री परंपरेत व्यक्तीचे नाव प्रथम वंशाला व मग भूमीला मिळते. यहूदाच्या नावाचा वंश झाला आणि वंशावरून यहूदिया प्रांत ओळखला जाऊ लागला.

इब्री भाषेत ‘बेन’ म्हणजे पुत्र व ‘बेने’ म्हणजे अमक्याचे पुत्र. मराठी बायबलमध्ये आपण ‘इस्राएल लोक’ असे वाचतो, तेथे मुळात बहुधा हेच दोन शब्द असतात. ‘इस्राएल’ या नावाचा उगम उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात आहे. याब्बोक ओढ्याच्या उताराजवळ याकोब एका अज्ञात पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजतो, त्याच्या मांडीचा सांधा निखळतो, तरी आशीर्वाद मिळेपर्यंत तो सोडत नाही. तेव्हा त्याला हे नवे नाव मिळते. देवाशी व मनुष्यांशी झुंजून तो टिकला, असा अर्थ तेथेच सांगितला आहे. होशेय संदेष्टाही १२ व्या अध्यायात या झुंजीचे स्मरण देतो. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास मात्र अशा नावांत ‘एल’, म्हणजे देव, हाच सहसा कर्ता असतो. म्हणून ‘देव झुंजतो’ किंवा ‘देव राज्य करो’ असाही अर्थ अभ्यासक लावतात. मला हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटत नाहीत. लंगडत निघालेल्या याकोबाला, त्या रात्री कोण कोणाशी झुंजले, हे कोणी विचारावयास हवे होते!

बायबलबाहेर या नावाचा सर्वांत जुना निर्विवाद उल्लेख मिसरी राजा मेर्नेप्ताह याच्या इ. स. पू. सुमारे १२०८ च्या शिलालेखात आढळतो. तेथे नावापुढे देशाचे नव्हे, तर लोकसमूहाचे चिन्ह कोरलेले आहे.

नवगावजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी कोकणातील बेने इस्राएलांची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे इब्री भाषा विसरली गेली, ग्रंथही राहिले नाहीत. पण एक प्रार्थना ओठांवर राहिली, असे ते सांगतात. ती ‘शमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’. ज्या प्रार्थनेने त्यांना तारले, तिच्यातच त्यांचे नाव होते. इ. स. १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभारले.

या नावाची कठोर परीक्षा मात्र इस्राएल देशातच झाली. तेथे स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची विशेष चौकशी करावी, असा आदेश १९६० च्या दशकाच्या आरंभी मुख्य रब्बींच्या कार्यालयाने काढला. ‘इस्राएलाचे पुत्र’ हेच ज्यांचे नाव, त्यांनी आपण इस्राएलाचे असल्याचा पुरावा द्यावयाचा! १९६४ मध्ये जेरुसलेमात त्यांनी धरणे धरले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि आदेशातून त्यांचा नामोल्लेख वगळला गेला.

हे नाव आपल्याही ओठांवर रोज असते. ख्रिस्तसभेच्या प्रातःप्रार्थनेतील जखऱ्याच्या गीतात, सायंप्रार्थनेतील पवित्र मरियेच्या गीतात आणि रात्रप्रार्थनेतील शिमोनाच्या गीतात, तिन्हींत ‘इस्राएल’ आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारले असता प्रभू येशूने उत्तराचा आरंभ याच ‘शमा’ने केला (मार्क १२:२९). शनिवारच्या रात्रप्रार्थनेत, रविवारच्या पूर्वसंध्येला, अनुवादाच्या ६ व्या अध्यायातील तेच वचन आजही वाचले जाते.