यातली लहान कोणती?

पहाटे 5.30. कडोदरा चार रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न सुरूच असतात. चहा उकळेपर्यंत वही उघडतो. [0, 1] हा अंतराल, म्हणजे 0 ते 1 मधली कुठलीतरी संख्या. [0, 1] मधून [0, 1] वजा केलं तर अंतरालांच्या गणितात शून्य येत नाही, [−1, 1] येतं. दोन्हीकडची संख्या एकच असली, तरी ते त्या गणिताला कळतच नाही. रामोन मूर यांचं या विषयावरचं पुस्तक 1966 साली आलं. ही खोड तेव्हाही होती. माझी डोकेदुखी मात्र वेगळी आहे.

7.30. दादा रात्रपाळीहून येतो. मिलमध्ये पॉलिएस्टर जेट मशीनमध्ये 130 अंशांवर रंगतं. "काटा 130 दाखवतो रे, पण एक-दोन इकडेतिकडे," तो म्हणतो. मी लगेच [128, 132] लिहितो. "त्याला आधी जेवू दे, मग आकडे मांड," आई ओरडते.

8.15. सुरतेला निघायचं. पर्वत पाटियावरून 50 ते 80 मिनिटं, डिंडोली-उधन्यावरून 60 ते 65. यातला कमी वेळ कोणता? माझं सगळं संशोधन या एका प्रश्नात आहे.

10.00. इच्छानाथला, एसव्हीएनआयटी या संस्थेत. मेदिनीपूरच्या विद्यासागर विद्यापीठातले सेनगुप्ता आणि पाल यांचा 2000 सालचा निबंध पुन्हा वाचतो. त्यांची युक्ती साधी आहे: दोन मध्यांमधला फरक घ्या, त्याला अर्ध्या रुंदींच्या बेरजेने भागा. माझ्या रस्त्यांचे मध्य 65 आणि 62.5, अर्ध्या रुंदी 15 आणि 2.5. म्हणजे 2.5 भागिले 17.5, एक सप्तमांश. उधन्याचा रस्ता कमी वेळाचा, पण भरवसा एवढाच. मला हे पटतं आणि पटतही नाही. परीक्षेच्या दिवशी मी डोळे मिटून उधन्यावरून जाईन. सुट्टीच्या दिवशी 50 चा मोह होईल. सूत्र मात्र दिवस विचारत नाही.

2.00. संगणक. प्रत्येक पायरीला दशांश छाटताना खालचं टोक खाली आणि वरचं टोक वर ढकलायचं, मग खरं उत्तर आतच राहतं. लॉरेन्झ आकर्षक खरोखर अस्तित्वात आहे, याची सिद्धता वॉरविक टकर यांनी अशाच मोजणीतून दिली. 'अंदाजपंचे गणित' म्हणून आम्हाला हसणाऱ्यांना मी तेवढंच सांगतो.

4.00. चहा, कारकुनी, एक अर्ज.

6.15. घरी. दादा डबा भरतोय. त्याला वही दाखवतो: [10, 20], [18, 28], [25, 35]. एकमेकांवर चढणाऱ्यांत फरक धरायचा नाही, असं ठरवलं तर पहिला-दुसरा सारखे, दुसरा-तिसरा सारखे, पण पहिला-तिसरा वेगळे. 'लहान आहे' हे पुढे पोचतं, 'सारखं आहे' हे पोचत नाही. अशा क्रमांवर फिशबर्न यांनी 1970 मध्ये लिहिलं.

"कापडाच्या शेडचंच झालं की हे," दादा म्हणतो. "शेजारचे लॉट जुळतात, टोकाचे नाही. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या लॉटचे तागे आम्ही एका गाठोड्यात बांधत नाही." डबा उचलून तो पाळीला निघतो.