टेबल, सँक्शन आणि ओव्हरसाइट

१९५३ च्या नागपूर करारातील अभिवचनानुसार आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा अहवाल ‘टेबल’ झाला म्हणजे तो सभागृहापुढे मांडला गेला, असा जो अर्थ आपण निःशंकपणे घेतो, त्याच्या नेमका उलट, म्हणजे विषय बाजूस ठेवल्याचा, अर्थ अमेरिकेत रूढ आहे. या एका शब्दापायी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकी अधिकाऱ्यांत दीर्घ वाद माजल्याचे चर्चिल यांनी नमूद केले आहे. ‘सँक्शन’ हा सिव्हिल लाइन्समधील कचेरीत मंजुरी, तर परराष्ट्रवृत्तांत निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ तर देखरेखही आणि नजरचूकही. ‘समितीची ओव्हरसाइट’ ही स्तुती की ठपका, हे परमेश्वरच जाणे! सबब, इंग्रजी मसुदा करताना ‘सबमिट’, ‘अप्रूव्हल’, ‘सुपरव्हिजन’ असे निःसंदिग्ध शब्द योजावेत, ही विनंती.